चळवळींच्या अभ्यासकांना आपल्या जुन्या फायली पाहू द्याल का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अठरा जून तोंडावर आला आहे. १९४६ साली याच तारखेला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली, म्हणून आपण तो क्रांतिदिन पाळतो. त्या दिवशी आपल्यासह गोव्यातील बहुतेक वृत्तपत्रे पुरवण्या काढतील, आणि 'नव्या पिढीला हा इतिहास ठाऊक नाही' अशी खंत एखाद्या तरी लेखात व्यक्त होईल. ही खंत पूर्वी मीही करीत असे. यंदा मात्र ती करायला जीभ रेटत नाही, कारण हाच इतिहास जाणून घेण्यासाठी धडपडणारी काही तरुण मुले-मुली गेल्या काही महिन्यांत मला भेटली आहेत आणि त्यांच्या वाटेत बसलेले बहुतेक जण माझ्या पिढीतले आहेत, असे मला दिसले आहे. त्यांत मी होतो आणि, राग नसावा, वृत्तपत्रेही आहेत. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

मी फोंडा तालुक्यातला निवृत्त शिक्षक. १९७८-७९ मध्ये बसच्या अर्ध्या तिकिटासाठी गोव्यातील विद्यार्थ्यांनी जे आंदोलन केले, त्यात मी कॉलेजचा विद्यार्थी म्हणून होतो. कदंब वाहतूक महामंडळ तेव्हा जन्मालाही आले नव्हते, ते १९८० चे. रस्त्यावर गाड्या धावत त्या खासगी मालकांच्या, आणि रोज फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या मुलाचे भाडे हा घरातल्या हिशेबाचा विषय असे. आज विद्यार्थ्यांना जी सवलत मिळते तिचे मूळ त्या आंदोलनात आहे. त्या काळातली सायक्लोस्टाइल पत्रके, वर्गणीच्या पावत्यांचे अर्धे पुस्तक आणि माझी एक वही एवढा ऐवज मी कापडी पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. तीन-चार वर्षांतून एकदा मी डांबराच्या गोळ्या बदलत असे, आणि एवढ्यावर आपण इतिहास जपला असे समजत असे.

गोव्यातील विद्यार्थी आंदोलनांवर समाजशास्त्रात पीएच.डी. करणारी एक मुलगी मार्च महिन्यात माझ्याकडे आली. तिचे नाव इथे देत नाही. का, ते पुढे लक्षात येईल. आम्ही सोप्यावर बसून पेटी उघडली. पिशवीच्या तळाच्या कोपऱ्यातून वाळवी शिरली होती आणि ओल लागून पत्रके एकमेकांना चिकटली होती. मी ती हाताने ओढू लागलो तेव्हा तिने मला थांबवले, पर्समधून एक जुने पोस्टकार्ड काढले आणि ते दोन कागदांच्या मध्ये हळूहळू सरकवत एकेक पत्रक सुटे केले. प्रत्येकाच्या पाठीमागे तिने शिसपेन्सिलीने क्रमांक घातला आणि शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो घेतले. तेवीस कागदांना तिला सबंध दुपार लागली.

मग तिने मला आठवणी विचारल्या. पणजीच्या एका मोर्चाची हकीकत मी तिला तारखेसह सांगितली. पोलिसांनी कुठे अडवले, मी कोणती घोषणा दिली, शेजारी कोण होते, सगळे. ही हकीकत मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहे. तिने सगळे ऐकून घेतले, टिपून घेतले आणि अतिशय संकोचून म्हणाली, "सर, हा मोर्चा तुम्ही सांगता त्याच्या आठ दिवस आधी झाला होता. त्या वेळच्या वर्तमानपत्राच्या अंकात बातमी आहे. आणि त्या दिवशी तुम्ही आजोळी जत्रेला गेला होता, असे तुमच्याच वहीत आहे." मी वही हातात घेतली. अक्षर माझेच होते. कुणाकडून तरी ऐकलेला मोर्चा मी इतकी वर्षे स्वतःच्या नावावर खपवत होतो, आणि त्यात लबाडी नव्हती, मला तसे खरोखरच आठवत होते!

त्या दिवशी मला थोडा रागही आला, हे कबूल करतो. पण संशोधन म्हणजे काय, हे मला त्या वाक्याने जितके कळले तितके सेवेतल्या तीसएक वर्षांत कळले नव्हते. आंदोलनात असलेल्या माणसाची आठवण, त्या काळचा कागद आणि दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र ही तीन साधने शेजारी ठेवून पाहणारे कुणीतरी लागते. ते काम आम्ही आंदोलकांनी केले नाही. आम्हाला आमच्या कहाण्या प्रिय.

गोव्याइतक्या लहान प्रदेशात इतकी आंदोलने झाली आहेत की परगावच्या माणसाला नवल वाटते. गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा वाद आणि १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, सांकवाळच्या खत कारखान्याच्या प्रदूषणाविरुद्धचा सत्तरीच्या दशकातला उठाव, यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी, दिलेला लढा, ज्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, राजभाषेचे आंदोलन आणि ४ फेब्रुवारी १९८७ रोजी संमत झालेला राजभाषा कायदा, कोकण रेल्वेच्या मार्गाचा वाद, २००७ मधले सेझविरोधी (विशेष आर्थिक क्षेत्रांविरुद्धचे) आंदोलन, म्हादई नदीच्या पाण्याचा प्रश्न, खाणी, आणि जानेवारी २०२१ मध्ये सत्तरी तालुक्यातल्या मेळावली गावाने आयआयटीच्या जागेवरून केलेला प्रतिकार, ज्यात बायका सर्वांत पुढे होत्या. आमच्याच तालुक्यातल्या केरीला नायलॉन प्रकल्पाविरुद्ध लोक उठले, जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक या तरुणाचा बळी गेला आणि अखेर तो प्रकल्प गोव्याबाहेर गेला. आज केरीला जाऊन त्या घटनाक्रमाविषयी चार माणसांना विचारले तर चार वेगळ्या तारखा ऐकायला मिळतात. माझा अनुभव पाहता मला त्याचे आता आश्चर्य वाटत नाही.

यांपैकी जे जिंकले त्यांचे दिवस साजरे होतात. जे हरले त्यांचे कागद पोटमाळ्यावर पडून राहतात. जनमत कौलात १,७२,१९१ मते वेगळ्या संघप्रदेशाच्या (केंद्रशासित प्रदेशाच्या) बाजूने पडली, तशी १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूनेही पडली होती. ती मते देणारे कोण होते, बहुजन समाजातल्या कूळ-मुंडकारांना (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना) महाराष्ट्रात जाण्यात कोणती आशा दिसत होती, गावागावांत त्यांच्या सभा कशा होत, याचा शांतपणे अभ्यास करू पाहणाऱ्या एका मुलाला 'तू कोणाच्या बाजूचा?' असा प्रश्न आधी विचारला गेला आणि मुलाखत नंतरही मिळाली नाही. उलट बाजूने, विलीनीकरणाविरुद्धची एक धारदार मोहीम 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकाने चालवली होती, हे आजच्या किती वाचकांना ठाऊक आहे? मराठी म्हणजे विलीनीकरणवादी आणि कोंकणी म्हणजे विरोधक, अशी सोपी विभागणी करणाऱ्याने त्या काळचे मराठी अंक उघडून पाहिलेले नसतात.

इथेच भाषेची अडचण येते. गोव्यातील चळवळींची साधने एका भाषेत नाहीत. १९६१ पूर्वीचे सरकारी दप्तर पोर्तुगीजमध्ये. रापणकारांच्या सभांतली पत्रके बरीचशी रोमी, म्हणजे रोमन, लिपीतल्या कोंकणीत. बातम्या मराठीत आणि इंग्रजीत. 'ओ हेराल्डो'सारखे १९०० साली निघालेले वर्तमानपत्र तर १९८३ पर्यंत पोर्तुगीज आणि त्यानंतर इंग्रजी. सत्तरी-डिचोलीकडून आलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला रोमी पत्रक वाचता येत नाही. सासष्टीतल्या मुलाला जुने मराठी अग्रलेख जड जातात. दोघेही मग इंग्रजी अंकांवर काम भागवतात आणि प्रबंधात रापणकार किंवा कूळ बोलतो तो इंग्रजी बातमीदाराच्या तोंडून. आठवड्यातून एक दुपार या दोघांना एका टेबलाशी बसवून एकमेकांची पत्रके वाचून दाखवायला लावली, तर त्याला अनुदान लागणार नाही. चहा लागेल आणि एक खोली.

समाजशास्त्रात चळवळींचा अभ्यास ही आता स्वतंत्र शाखा झाली आहे. परदेशात तिला वाहिलेली नियतकालिके आहेत, 'मोबिलायझेशन' १९९६ पासून निघते आणि 'सोशल मूव्हमेंट स्टडीज' २००२ पासून. आपल्याकडचे जवळचे उदाहरण गेल ऑम्वेट यांचे. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्या अमेरिकेतून महाराष्ट्रात आल्या त्या नामवंत विदुषी म्हणून नव्हे, ब्राह्मणेतर चळवळीवर पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी म्हणून. त्या मराठी शिकल्या, मराठी साधने वाचली, १९७३ मध्ये बर्कले विद्यापीठाची पदवी मिळवली आणि पुढे कासेगावच्याच होऊन राहिल्या. सत्यशोधकांविषयी आज आपण जे आत्मविश्वासाने बोलतो, त्यातला मोठा वाटा अशा तरुण वयात केलेल्या कामाचा आहे. त्या वयात पाय रोवायला जागा मिळाली तरच पुढचे काम उभे राहते.

आता पैशांविषयी. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून ज्यांना कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते त्यांना जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२ हजार रुपये मिळतात. हे भाग्यवान थोडे. बाकीचे कॉलेजात लेक्चर बेसिसवर शिकवतात, म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचे पैसे आणि सुट्टीत काहीच नाही. माझ्याकडे आलेली मुलगी अशीच शिकवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि एरवी जास्तीत जास्त सहा वर्षे. त्यातला केवढा काळ बसथांब्यावर जातो ते तिलाच ठाऊक. एका तासाच्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण ऐकून कागदावर उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात, आणि कोंकणी-मराठी मिसळून बोलणारी म्हातारी असेल तर अधिकच. हे काम मोबाइलमधले यंत्र अजून नीट करीत नाही. माझ्या मते मोठमोठ्या परिषदांपेक्षा अशा मुलांना प्रवासाला, झेरॉक्सला आणि मुलाखती कागदावर उतरवायला वर्षाकाठी ठरावीक रक्कम मिळाली, तर गोव्याला तिचा मोबदला कितीतरी पटींनी मिळेल. परिषदेतल्या पुष्पगुच्छांच्या खर्चात एका संशोधकाचे सहा महिने निघतील, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

दुसरा विषय अधिक नाजूक आहे. चळवळीचा अभ्यासक ज्यांच्याशी बोलतो त्यांतल्या कित्येकांवर खटले असतात. गावकऱ्यांना वाटते हा सरकारचा माणूस, सरकारला वाटते हा आंदोलक, आणि जिथे शिकवतो तिथल्या व्यवस्थापनाला वाटते की उगाच नसती भानगड. म्हणून मी त्या मुलीचे नाव दिले नाही. तासांवर नेमलेल्या माणसाला पुढच्या सत्रात बोलावले नाही तर कारण विचारायचीही सोय नसते. वकिलाला अशिलाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी गुप्त राखण्याचे संरक्षण कायदा देतो, संशोधकाला तसे संरक्षण नाही. चौकशी आली तर त्याच्या वह्या आणि ध्वनिमुद्रणे मागता येतात. तेव्हा मुलाखतीच्या कागदावर खरे नाव लिहू नये, खऱ्या आणि बदललेल्या नावांची यादी वेगळ्या जागी ठेवावी, ज्याची गरज नाही ते विचारूच नये, आणि ज्याच्याशी बोललो त्याला आपण काय लिहिणार हे त्याच्या भाषेत आधी सांगावे, ही शहाणपणाची कलमे कुणीतरी ज्येष्ठाने पहिल्याच महिन्यात समजावून द्यायला हवीत. मार्गदर्शक प्राध्यापकांच्या माथी आधीच इतके विद्यार्थी असतात की हे सांगणे राहून जाते. निवृत्त प्राध्यापक, वकील आणि जुने पत्रकार गोव्यात कमी नाहीत. त्यांनी महिन्यातले दोन तास दिले तरी पुष्कळ.

आम्हा जुन्या आंदोलकांना मात्र वेगळे सांगायला हवे. आमच्यातले बरेच जण संशोधकाला कागद देतात तेव्हा 'आमच्याविषयी चांगले लिही' अशी अपेक्षा कागदांबरोबर देतात. एका मित्राने तर प्रकरण आधी दाखवण्याची अट घातली आणि त्यातला वर्गणीच्या वादाचा परिच्छेद काढायला लावला. त्या वादात मीही होतो. तो परिच्छेद राहिला असता तर आम्ही दोघेही थोडे खुजे दिसलो असतो, आणि आंदोलन कसे चालते ते पुढच्या वाचकाला कळले असते. घरातल्या तरुणांच्या हाती या पेट्या आमच्यानंतर जातील तेव्हा त्या सरळ भंगारवाल्याकडे जातील, हे ध्यानात घेऊन आताच त्या उघडाव्यात. पणजीला पाटोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, पुराभिलेख खाते आहे, पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. मूळ कागद द्यायचे जिवावर येत असेल तर निदान फोटो काढू द्यावेत.

आणि शेवटी ज्यासाठी हे सारे लिहिले ती गोष्ट. माझ्या मोर्चाची खरी तारीख सापडली ती वर्तमानपत्रात. पण त्या मुलीला आंदोलनाच्या त्या महिन्यांचे सगळे अंक कुठेही एकत्र मिळालेले नाहीत. ग्रंथालयातल्या बांधीव खंडांत काही अंक नाहीत, काहींची आतली पाने फाटलेली आहेत, आणि नेमक्या त्या दिवसांतली वाचकांची पत्रे असलेली पाने कुणीतरी ब्लेडने कापून नेली आहेत. एका वृत्तपत्राच्या कार्यालयात तिने विचारले तेव्हा जुन्या फायली जागेअभावी रद्दीत घातल्याचे तिला सांगण्यात आले. दुसरीकडे फायली होत्या, पण त्या पाहायला परवानगी कोण देणार हे तीन फेऱ्यांत ठरले नाही. वाचकांच्या पत्रांचे सदर माझ्यासारख्याला चावडीसारखे वाटते. अभ्यासकाला मात्र त्यात त्या वेळचा सामान्य माणूस काय म्हणत होता ते सापडते, आणि ते अन्य कुठल्याही दप्तरात नसते.

आपल्याकडे त्या काळातले अंक आहेत असे मी ऐकून आहे. त्यांचे संगणकीकरण खर्चाचे काम आहे, ते आज करा असे मी म्हणत नाही. आठवड्यातला एक दिवस ठरवून द्यावा, विद्यापीठाचे किंवा मार्गदर्शकाचे पत्र घेऊन येणाऱ्या अभ्यासकाला एक टेबल आणि एक खुर्ची द्यावी, फ्लॅश न वापरता फोटो घेऊ द्यावेत आणि कोणता खंड कोणी पाहिला याची एका वहीत नोंद ठेवावी, इतकीच विनंती आहे. फायली झटकायला, त्यांची सूची करायला माणूस हवा असेल तर मी स्वतः येईन. शिवाय माझ्यासोबतचे दोन निवृत्त शिक्षक तयार आहेत. अभ्यासकांनी पाहिलेल्या प्रत्येक महिन्याची सूची ते आपल्याला करून देतील, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पुरवणीला छायाचित्रे शोधताना आपल्या उपसंपादकांचेही श्रम वाचतील.

त्या मुलीचे तास मंगळवारी आणि शनिवारी नसतात. कॉलेजे सुरू होण्याआधी, आणि पाऊस जोर धरून कागद पुन्हा ओल धरण्याआधी, डिसेंबर १९७८ ते फेब्रुवारी १९७९ या महिन्यांचे खंड पाहायला तिने कोणत्या मंगळवारी यावे, एवढे कृपया कळवावे. पोस्टकार्ड ती स्वतःचे आणील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व वाचक,
फोंडा, गोवा